मांड पक्की, मूठ सैल: वेगवान मोटरसायकल शिकताना

पुण्यात दुचाकी चालवता येणे हे कौशल्य समजले जात नाही. ते गृहीतच धरलेले असते. आधी सायकल, मग घरातली लूना किंवा स्कूटर, मग कॉलेजच्या वर्षांत शंभर-दीडशे सीसीची गाडी, असा प्रवास इथल्या बहुतेकांनी केलेला असतो. त्यामुळे शोरूममधून चारशे किंवा हजार सीसीची गाडी बाहेर काढताना ‘मला गाडी येते’ ही खात्री इतकी पक्की असते की, आपण निराळेच वाहन हाती घेतले आहे हे पहिला दचका बसेपर्यंत लक्षात येत नाही. कायदाही ते लक्षात आणून देत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गिअरच्या मोटरसायकलचा जो परवाना मिळतो, तो अकरा अश्वशक्तीच्या गाडीला चालतो आणि दोनशे अश्वशक्तीच्या गाडीलाही चालतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपातील इतर अनेक देशांत परवान्यालाच पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीची, आणि त्यानंतर हवी ती. आपल्याकडे या पायऱ्या चालकाला स्वतःच बांधून घ्याव्या लागतात. त्या कशा बांधाव्यात याविषयी मला जे अनुभवाने पटले आहे, ते पुढे मांडतो.

प्रथम फरक किती आहे ते पाहू. दीडशे सीसीची नेहमीची गाडी चौदा-पंधरा अश्वशक्ती देते. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी ३९० ड्यूक चाळिशीच्या पुढे जाते. हजार सीसीची स्पोर्ट्स मोटरसायकल दोनशेच्या आसपास असते, आणि तिचे वजन मात्र दीडशे सीसीच्या गाडीच्या दीडपटही नसते. अशी गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे गिअर बदलण्याचा विचार मनात येण्याआधीच आपल्या बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा मागे पडलेली असते. आमच्या आधीच्या पिढीने हा धडा १९८३ पासून मिळू लागलेल्या राजदूत ३५० वर घेतला. तीस अश्वशक्ती, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे मूठ, म्हणजे उजव्या हातातला अ‍ॅक्सिलरेटर, सोडली तरी गाडी फारशी रोखली न जाणे, असा तो संसार होता. तेव्हा गाडी थांबत नाही अशी तक्रार करता येत असे. आजच्या गाडीचे ब्रेक, टायर आणि चॅसी चालकापेक्षा कितीतरी अधिक समर्थ असतात, त्यामुळे कमतरता बहुधा सीटवर बसलेली असते.

धाक आणि धास्ती

मराठीत भीतीला पुष्कळ शब्द आहेत आणि त्यांतला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. धाक म्हणजे समोरच्याच्या सामर्थ्याची सतत असलेली जाण. धास्ती म्हणजे छातीत भरणारी आणि हातपाय ताठ करणारी भीती. मोटरसायकलवर धाक वळणाच्या आधी येतो आणि मूठ वेळेवर सैल करायला लावतो. धास्ती वळणाच्या मध्यावर येते, आणि तेव्हा ती जे करायला सांगते ते जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. ‘मला भीती वाटतच नाही’ असे सांगणाऱ्या चालकाला बहुधा धाकही नसतो, आणि त्याच्या मागे बसून घाटात जाण्याचे मी टाळतो.

धास्तीच्या प्रतिक्रिया मोजक्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. मूठ एकदम सोडली जाते, पुढचा ब्रेक मुठीत आवळला जातो, कोपर ताठ होऊन हँडल गच्च धरले जाते, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते, म्हणजे खड्डा, ट्रकचे चाक किंवा दरीचा कठडा, तिच्यावरच नजर खिळते. यांतली शेवटची सर्वांत घातक आहे, कारण मोटरसायकल चालकाच्या नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा माणूस रुंद रस्त्यावरही नेमका त्याच खड्ड्यात जातो. लहान गाडी या चुका पोटात घालते. वेग कमी असतो, इंजिनाचा झटका सौम्य असतो, आणि ‘थोडक्यात वाचलो’ म्हणून आपण पुढे जातो. शक्तिशाली गाडी वळणात कललेली असताना मूठ एकदम सोडली तर सगळे वजन धक्क्याने पुढच्या चाकावर येते, आणि त्यातच पुढचा ब्रेक आवळला तर एकतर ते चाक घसरते किंवा गाडी उभी होऊन वळणाबाहेर सरळ निघून जाते.

लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन केलेला हॅरी हर्ट यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष आजही वाचताना अस्वस्थ व्हायला होते. टक्कर टाळण्यासाठी चालकाला सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. बहुतेकांनी मागचा ब्रेक अति दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही; हँडल ढकलून बाजूला निघण्याचे कौशल्य तर जवळजवळ दिसलेच नाही. आणि त्या चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? रीतसर शिकलेले चालक मला माझ्या ओळखीत एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मी स्वतः वीस वर्षे पाळत होतो. दोन सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, शरीर सवयीने वागते. म्हणून धास्तीला जिंकण्याच्या गोष्टी करण्यापेक्षा तिच्या जागी दुसरी सवय आणून बसवणे, एवढेच आपल्या हाती असते.

आधी बसायला शिकावे

घोडेस्वाराची मांड हा शब्द आपण विसरत चाललो आहोत, पण मोटरसायकलवर कसे बसावे हे सांगायला त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. ज्याची मांड पक्की तो लगाम हलक्या हाताने धरू शकतो. ज्याची मांड सैल तो लगामालाच लोंबकळतो आणि घोडा बिथरतो. गाडीवर हेच घडते. दोन्ही मांड्यांनी पेट्रोलची टाकी धरावी, पायांचे चवडे फुटरेस्टवर ठेवावेत, पोट व कंबर यांनी धड सावरावे, आणि हातांवर अंगाचा भार जवळजवळ नसावा. कोपर किंचित वाकलेले आणि सैल असावेत. मूठ धरताना मनगट वर उचललेले नसावे, कारण तसे असेल तर खड्ड्यात गाडी आदळताच हात खाली येऊन मूठ आपोआप पिळली जाते.

ही बाब क्षुल्लक वाटते, पण मोठ्या गाडीवरचा नवख्याचा पहिला अपघात बहुधा याच कारणाने होतो. मूठ थोडी जास्त पिळली जाते, गाडी पुढे झेपावते, शरीर मागे फेकले जाते, मागे जाणारे हात मूठ आणखी ओढतात, आणि घाबरलेला माणूस ती सोडण्याऐवजी अधिक घट्ट धरतो. मित्राची चार सिलिंडरची गाडी मी पहिल्यांदा पाषाणच्या बाजूला चालवायला घेतली तेव्हा माझे हेच झाले, आणि गाडी थांबली ती एका रसवंतीच्या दारात. रसवंतीवाल्याने शब्दही न बोलता बाकडे दोन हात आत ओढून घेतले, आणि मित्राने किल्लीसाठी हात पुढे केला. यावर उपाय दोनच आहेत. मांड पक्की असेल तर शरीर मागे जातच नाही. आणि पहिले काही दिवस डाव्या हाताची दोन बोटे क्लचच्या लिव्हरवर कायम ठेवावीत. क्लच दाबला की चाकापर्यंत शक्ती पोहोचायची थांबते, मग इंजिन कितीही ओरडो.

ब्रेकची मशागत

माझ्या मते शक्तिशाली गाडी घेतल्यानंतरचे पहिले चार रविवार केवळ ब्रेकसाठी ठेवावेत. परवानगी घेऊन एखादे मोकळे, कोरडे, डांबरी आवार मिळवावे, जिथे वाळू किंवा कच नाही. सिंहगडचा रस्ता या कामाचा नाही, आणि रविवारी सकाळी गर्दी नाही असे वाटणारा कोणताही सार्वजनिक रस्ताही नाही. अंगावर हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट असावेत. पुणेकराला हेल्मेट म्हटले की सक्ती आठवते आणि सक्ती म्हटली की वाद आठवतो, तो वाद इथे बाजूला ठेवू. आयएस ४१५१ या मानकाचे चिन्ह असलेले, डोक्याला घट्ट बसणारे आणि पट्टा लावलेले हेल्मेट एवढेच पाहावे.

जमिनीवर खडूने एक रेघ ओढावी. ताशी ३० च्या वेगाने यावे आणि रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात करावी. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, दोन टप्प्यांत लावावा: आधी लिव्हर हलकेच ओढून पुढचे शॉकअप दबू द्यावेत, आणि ते दबल्याचे जाणवले की मग जोर वाढवत न्यावा. यामागचे कारण समजून घेतले तर हात लवकर शिकतो. ब्रेक लागताच वजन पुढे सरकते, पुढचा टायर रस्त्यावर अधिक दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. पण हे व्हायला क्षणभर लागतो. त्या क्षणाआधीच लिव्हर आवळली तर चाक वजन येण्यापूर्वीच अडकते. लिंबू पिळताना आपण एकदम चिरडत नाही, आधी धरतो आणि मग पिळतो, तसेच हे आहे. मागचा ब्रेक सोबत हलका असावा. नजर चाकासमोर नव्हे, तर दूर समोर असावी, कारण खाली पाहणारा माणूस थांबता थांबता पाय अडखळून पडतो. मांडीने टाकी धरलेली असेल तर शरीराचा भार हातांवर येत नाही. हात ताठ झाले असतील तर मांड सुटली आहे असे समजावे. गाडी थांबत आली की क्लच दाबावा आणि थांबण्यापूर्वी पहिला गिअर पडलेला असावा, म्हणजे मागून कोणी न थांबता आले तर निघता येते.

तीसवर वीस वेळा नीट थांबता आले की चाळीस, मग पन्नास, मग साठ. रेघेपासून थांबलेल्या जागेपर्यंतची पावले मोजून वहीत लिहावीत; अंदाजावर विश्वास ठेवू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे, परंतु अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते, म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते पाहून घ्यावे. एबीएस काम करू लागले की लिव्हर बोटांखाली थरथरते. पहिल्यांदा ती थरथर जाणवली की लोक दचकून ब्रेक सोडतात, आणि नेमके तेच करायचे नसते. ती थरथर मैदानावर ओळखीची व्हावी म्हणून तर हा खटाटोप. साध्या एबीएसचा उपयोग गाडी न कलता सरळ जात असतानाच खात्रीचा असतो. कललेल्या गाडीचा हिशेब करणारे एबीएस महागड्या गाड्यांत मिळते, पण तेही टायरच्या पकडीत भर घालू शकत नाही.

आता हा हिशेब पाहा. चांगला चालक कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करतो असे धरू, आणि धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ताशी ६० वर असलेली गाडी सुमारे ३७ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० वर तेच अंतर ८३ मीटर होते, कारण ब्रेक लागल्यानंतर कापले जाणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पण मला अधिक बोलका वाटतो तो पुढचा आकडा. दोन गाड्या शेजारून निघाल्या, एक ६० वर, दुसरी १०० वर, आणि दोघांना एकाच क्षणी समोर आडवा आलेला ट्रॅक्टर दिसला, तर पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली आहे, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ९० हून अधिक वेगाने जात असते. नोव्हेंबरनंतर सासवड, बारामती किंवा साताऱ्याच्या बाजूला अंधारात उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या गणिताचे अधिक स्पष्टीकरण लागू नये.

वळण

डावीकडे वळायचे तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलावी लागते. हे उलटे वाटते, पण सायकलसुद्धा याच रीतीने वळते आणि आपण ते नकळत करत असतो. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी नोंदवले होते की सगळे सायकलस्वार हे करतात, पण करतो आहोत हे फार थोड्यांना ठाऊक असते. सायकलींच्या या शहरात ते अजूनही थोड्यांनाच ठाऊक आहे. कमी वेगात अंग झुकवून काम भागते. साठच्या पुढे जड गाडी अंग झुकवल्याने नीट ऐकत नाही, आणि समोर अचानक काही आले तर हँडल जाणून ढकलता येणे हाच उपाय उरतो. मैदानात ताशी ४० वर, दोन विटांच्या मधून जाताना हँडलची डावी बाजू ढकल, गाडी डावीकडे; उजवी बाजू ढकल, गाडी उजवीकडे, असे पन्नास वेळा करावे. ब्रेक आणि ही ढकल दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोराने करू नये. टायरची पकड एकच आहे आणि ती दोघांत वाटली जाते.

घाटात गाडी किती कलवावी लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. साधारण ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० वेगाला सुमारे २३ अंश कल लागतो. त्याच वळणावर ताशी ६० ला ४३ अंश लागतो. वीस किलोमीटरचा फरक, पण पहिला कल कुणालाही झेपतो, आणि दुसरा रस्त्यावर मागणे म्हणजे बारीक कचेचे चार दाणेही नसतील यावर पैज लावणे. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करावा, गिअर तिथेच उतरवावा, आणि वळणात शिरल्यावर मूठ अगदी किंचित उघडी ठेवून गाडीला स्थिर राहू द्यावे. नजर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळताना दिसतात तिथे असावी. तो बिंदू जवळ येत असेल तर वळण आवळत चालले आहे, वेग कमी हवा. तो दूर पळू लागला की वळण सुटत आहे. अरुंद घाटात तर जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता आले पाहिजे, कारण उरलेला निम्मा समोरून येणाऱ्याला लागतो.

प्रत्येक घाटाचा स्वभाव वेगळा आहे. दिवे घाटाचा डोंगरउतार उघडा असल्याने पुढचे वळण बऱ्याचदा आधी दिसते. ताम्हिणीत झाडी असते, पावसाळ्यात धुके, कडेला शेवाळ आणि धबधब्यापाशी वाटेल तशा उभ्या केलेल्या मोटारी. तिथे वळणापलीकडे मक्याची कणसे विकत घेणारे कुटुंब रस्त्यात उभे आहे असेच धरून चालावे. उजव्या वळणात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: चाके आपल्या बाजूला असली तरी कललेल्या चालकाचे डोके मधल्या रेषेपलीकडे जाते, आणि वरून येणारी एसटी त्या रेषेला लागूनच असते. उजवे वळण म्हणूनच डावीकडच्या कडेकडे, पण कचेपासून दूर राहून घ्यावे.

वळणाच्या मध्यावर ‘वेग जास्त झाला’ असे वाटले तर काय करावे, याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे लागते. बहुतेक वेळा गाडीची मर्यादा आलेली नसते, आपली आलेली असते. गाडी आणखी दहा अंश सहज कलू शकते आणि धास्ती तिला कलू देत नाही. मान वळवून बाहेर पडायच्या जागेकडे पाहावे, आतल्या बाजूचे हँडल ढकलावे, मूठ आहे तशी स्थिर ठेवावी. कठड्याकडे पाहू नये. हे सांगणे सोपे आहे आणि त्या क्षणी करणे अवघड, म्हणून आधी चाळीसच्या वेगात प्रत्येक वळणावर मान वळवण्याची सवय लावावी, इतकी की वाडिया कॉलेजच्या चौकात वळतानाही मान आपोआप वळेल.

शक्ती किती आणि केव्हा

मूठ किती पिळली याहून ती किती झटक्याने पिळली हे महत्त्वाचे असते. गाडीत वेगवेगळे मोड असतील तर पहिले हजार किलोमीटर पावसाच्या, म्हणजे शक्ती सौम्यपणे देणाऱ्या, मोडमध्ये चालवावी, त्यात कमीपणा काही नाही. नवे टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतात. थंड टायरची पकडही कमी असते, त्यामुळे पार्किंगमधून निघाल्यावर पहिल्या वर्तुळातच हात दाखवू नये. जूनचा पहिला पाऊस पूर्ण पावसाळ्यातला सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेले तेल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणे, मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे आणि पेव्हर ब्लॉक यांवर गाडी सरळ ठेवावी आणि मूठ व ब्रेक दोन्ही स्थिर ठेवावेत.

गाडी खरोखर किती जाते हे पाहण्याची हौस असेल तर ती ट्रॅकवर भागवावी. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही आणि पडलात तर घसरायला जागा असते. तिथे घालवलेले दोन दिवस सायलेन्सर बदलण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कारणी लागतात, पण सायलेन्सर शेजाऱ्यांना ऐकू येतो, ही अडचण आहे.

लवासाच्या रस्त्यावर रविवारी पहाटे जाणाऱ्या घोळक्यात नव्याने सामील होत असाल तर एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून टाकावी: मी मागे राहीन, आणि तुम्ही ठरलेल्या चहाच्या टपरीवर थांबा. पुढच्या गाडीचा मागचा दिवा हा सर्वांत वाईट गुरू आहे. तो त्याच्या ब्रेकची वेळ सांगतो, तुमच्या नव्हे. जो गट शेवटच्या गाडीसाठी थांबत नाही तो आपला नाही.

चालवताना धास्ती चढते आहे हे कळण्यासाठी मी एक साधी खूण वापरतो. हेल्मेटच्या आत गुणगुणता येते का ते पाहतो. गाणे तुटत असेल तर श्वास अडकला आहे, खांदे कानांकडे गेले आहेत आणि हँडल आवळले गेले आहे. अशा वेळी वेग दहाने कमी करावा, लांब श्वास सोडावा आणि हाताची बोटे एकेक करून हलवावीत. तरीही अंग सैल होत नसेल तर थांबून पाणी प्यावे; मिसळ खाऊन दुपारच्या उन्हात परतताना ही वेळ हमखास येते. एखादे वळण सतत घाबरवत असेल तर घरी आल्यावर ते लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी तिथे पाच किलोमीटर कमी वेगाने, फक्त नजरेकडे लक्ष देऊन जावे. पडला असाल तर शरीर आणि गाडी दोन्ही दुरुस्त झाल्यावर आधी घाटात नव्हे, खडूच्या रेघेकडे परतावे.

आणि परतीचा शेवटचा टप्पा. दोन तास मोकळ्या रस्त्यावर चालवल्यानंतर डोळ्यांना वेगाची सवय झालेली असते, त्यामुळे ताशी साठ हा रांगण्यासारखा वाटतो. पौडकडून येऊन चांदणी चौकातून कोथरूडमध्ये उतरताना वाहनांची गर्दी, उलट्या दिशेने येणारी स्कूटर आणि बसमधून उतरून पळणारी माणसे एकदम समोर येतात, आणि नेमके तेव्हाच शरीर थकलेले आणि मन घरी पोहोचलेले असते. तिथे आपल्याला काय वाटते यावर न जाता काट्याकडे पाहावे, दोन बोटे ब्रेकवर ठेवावीत, आणि मांड पुन्हा एकदा तपासावी.